उत्तम बकरा कुर्बानीला गेला, मग कळपाला बाप कोण?

येत्या बकरी ईदला अजून सहा महिने आहेत. चंद्रदर्शनावर एक दिवस इकडे-तिकडे होईल, पण ती मे २०२६ च्या शेवटच्या आठवड्यात येईल. त्यापुढची ईद मे २०२७ च्या मध्याला. आता साधा हिशेब करू या. कुर्बानीचा बकरा एक वर्ष पूर्ण झालेला हवा. म्हणजे २०२७ च्या ईदला जो बकरा चालेल, तो या येणाऱ्या ईदच्या आधी जन्मलेला असायला हवा. शेळी साधारण १५० दिवस गाभण असते. म्हणून त्या बकऱ्याची आई डिसेंबर २०२५ संपायच्या आत गाभण राहिली पाहिजे.

थोडक्यात, २०२७ च्या ईदचा बकरा कसा असेल हे ठरवायची वेळ आत्ता आहे. ईदच्या आधी दहा दिवस बाजारात फिरून फक्त पैसे ठरतात. बकरा ठरतो तो दीड वर्ष आधी, आणि त्या वेळी कोणता बोकड कळपात होता यावर.

पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी, मनोर या पट्ट्यात आपली किती घरं दरवर्षी कुर्बानी करतात! पण हा हिशेब कोण करतं? व्यापारी करत नाही, कारण त्याला माल बाहेरून मिळतो. पाड्यावरचा शेळीवाला करत नाही, कारण त्याला पैशाची घाई असते. आणि आपण गिऱ्हाईक तर भाव बघतो, दात बघतो आणि घरी येतो.

पाऊस भरपूर, तरी कोरडा मुलूख

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. आठ तालुके: पालघर, वसई, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा. नकाशावर पाहिलं तर हा कोकण, म्हणजे पावसाचा मुलूख. जव्हार-मोखाड्यात चार महिने असा पाऊस पडतो की शेळी गोठ्याबाहेर काढता येत नाही. आणि त्याच जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. डोंगर उताराचा, माती पातळ, पाणी पडतं तसं वाहून जातं.

जनावरासाठी यासारखी अवघड जागा नाही. मराठवाड्यात किंवा माणदेशात कोरडं असतं, पण ते वर्षभर कोरडंच असतं. शेळी त्या हवेला सरावते. आपल्याकडे एकाच शेळीला जुलैमध्ये चिखल, जंत, खुरसड आणि सर्दी सोसायची असते, आणि एप्रिलमध्ये वाळलेल्या गवताच्या काड्यांवर जगायचं असतं. दोन्ही परीक्षा एकाच वर्षात.

त्यात चराईची जागा आटत चालली आहे. बोईसर-तारापूरला एमआयडीसीने कधीच वेढलं आहे. महामार्ग रुंद झाला, बुलेट ट्रेनचं काम सुरू आहे, वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. विकास हवाच, नोकऱ्या हव्यातच. पण प्रत्येक प्रकल्पाबरोबर रस्ते, गोदामं, चाळी येतात आणि गावाच्या कडेचं माळरान जातं. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला हे सगळ्यांना माहीत आहे. त्या भागात शेळ्या मोकळ्या सोडून नाल्याचं पाणी पाजणं म्हणजे जनावराशी आणि खाणाऱ्याशीही खेळ आहे.

मग बकरे येतात कुठून? महामार्गावर चिल्हार फाट्याला किंवा मनोरला उभं राहा, ईदच्या आधीचे पंधरा दिवस. राजस्थान-गुजरातकडून मुंबईच्या देवनारकडे जाणाऱ्या गाड्या आपल्या दारावरून जातात. शेळी पाळता येईल असा जिल्हा आपला, गिऱ्हाईक आपलं, आणि माल शेकडो किलोमीटरवरून. प्रवासात वजन घटतं, काही जनावरं आजारी पडतात, आणि हा सगळा खर्च शेवटी आपल्याच खिशातून जातो.

मुख्य दुखणं: चांगला नर आधी विकला जातो

इथले बकरे लहान का राहतात असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "जात हलकी आहे, साहेब." हे अर्धंच खरं आहे. जात हलकी कशी झाली, ते बघू या.

पाड्यावर एका घरी सात-आठ शेळ्या. वर्षाला दहाएक करडं. त्यात पाच नर. त्या पाचांत एक असतो तो बघताक्षणी डोळ्यात भरतो: छाती भरलेली, पाय मजबूत, आईचं दूध जोरात पिणारा, इतरांपेक्षा दोन-तीन किलो पुढे. व्यापारी गावात येतो तेव्हा त्याचं बोट कोणावर पडतं? त्याच्यावरच. ईदला सगळ्यात जास्त भाव कोणाला? त्यालाच. त्यामुळे तो सगळ्यात आधी जातो. मागे राहतो तो किरकोळ, उशिरा वाढणारा, ज्याला गिऱ्हाईक नाही. आणि तोच पुढे कळपाचा बाप होतो.

हे एक वर्ष नाही, पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. वाढीचा गुण बऱ्याच अंशी आईबापाकडून येतो. शेळी आपला गुण देते तो तिच्या एक-दोन करडांना. बोकड देतो तो कळपातल्या सगळ्या करडांना. म्हणजे एका चुकीच्या बोकडाने पूर्ण वर्ष बिघडतं, आणि एका चांगल्या बोकडाने सुधारतं. दरवर्षी उत्तम नर काढून टाकायचा आणि उरलेल्याकडून पैदास करायची, तर कळप खालीच जाणार. याला कोणी शाप दिलेला नाही, हा आपल्या बाजाराचा परिणाम आहे.

दुसरी गोष्ट, त्याहून वाईट. नर करडू पाच-सहा महिन्यांचं झालं की माजावर आलेल्या शेळीवर उडी मारतं. ती शेळी त्याची आई असेल, बहीण असेल, त्याला काय कळतं! कळपात वेगळी सोय नसते. अशा जवळच्या नात्यातल्या पैदाशीतून करडं अशक्त होतात, जन्मतः दोष येतात, मरतुक वाढते. मग पुन्हा तेच वाक्य: "जात हलकी आहे."

आपण मुसलमान इथे निव्वळ बघे नाही. या बाजाराचं मोठं गिऱ्हाईक आपण आहोत, व्यापारी आपण आहोत, खाटीकही आपण आहोत. कुर्बानीला उत्तम आणि निर्दोष जनावर द्यावं ही भावना योग्यच आहे, ती तशीच राहावी. प्रश्न एवढाच की उत्तम जनावर दरवर्षी मिळत राहावं याची काळजी कोण घेणार?

मार्ग आहे, आणि तो ईदच्या आड येत नाही

शेळीवाल्याला "तुझा सगळ्यात चांगला बकरा विकू नको" असं सांगणं सोपं आहे. त्याचं पोट त्यावर आहे. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. निवडलेला बोकड कायमचा ठेवायचा नसतो. दीड-दोन वर्षं कळपात वापरला की तो बदलायलाच हवा, नाही तर तो स्वतःच्या मुलींवर जातो. म्हणजे तो शेवटी विकलाच जाणार आहे, आणि तोवर तीन वर्षांचा, भरलेला, वजनदार झालेला असेल. विकण्याआधी काही महिने शेळ्यांपासून वेगळा ठेवून खुराक दिला की झालं. कुर्बानी बुडत नाही, दोन वर्षं पुढे जाते. आणि जाताना तो तीस-चाळीस करडं मागे ठेवून जातो.

एका बोकडामागे वीस-पंचवीस शेळ्या हे प्रमाण ठीक मानतात. मग बाकीच्या नरांचं काय? त्यांना तीन-चार महिन्यांचे झाले की माद्यांपासून वेगळं करायचं, किंवा पशुवैद्यकाकडून खच्ची करून घ्यायचं. खस्सी बकऱ्याची कुर्बानी जायज आहे, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. उलट खस्सी बकरा शांत राहतो, अंगाला लागतो, मटणाला उग्र वास येत नाही. म्हणजे ज्याची पैदास नको त्याला खस्सी करून ईदसाठी वाढवा, आणि ज्याची पैदास हवी त्याला राखून ठेवा. दोन्ही कामं एकमेकांच्या आड येत नाहीत.

आता खर्च. हिशेबापुरतं धरू या की चांगल्या जातिवंत बोकडाला वीस हजार रुपये पडतात. एका शेळीवाल्याला ते जड आहेत. पण वीस घरांनी हजार-हजार काढले तर? मोहल्ल्यातली वीस घरं, जी दरवर्षी कुर्बानी करतात, त्यांनी मिळून जवळच्या पाड्यावर एक बोकड द्यावा, दोन वर्षं तिथे वापरावा, नंतर तो विकून त्याच पैशातून दुसरा आणावा. बोकड जगला-वाचला तर पैसे बुडत नाहीत, फिरत राहतात. शेळीवाल्याशी आधीच ठरवावं की त्याच्याकडचे बकरे ईदला आम्ही वजनावर घेऊ. त्याला गिऱ्हाईक पक्कं, आपल्याला माल माहितीचा.

यूट्यूबवरचा बकरा आणि आपला पाऊस

बोकड चांगला म्हणजे कोणता? इथे बरेच तरुण फसतात. मोबाइलवर लांब कानांचे, उंच, पांढरेशुभ्र बकरे दिसतात. सोजत, जमनापारी, बीटल, तोतापरी. कोणी आफ्रिकेतल्या बोअरची स्वप्नं विकतो. कर्ज काढून, दागिने मोडून दहा-वीस जनावरं आणली जातात, आणि पहिल्याच पावसाळ्यात निम्मी आजारी पडतात. दोष त्या जातीचा नाही. राजस्थानच्या वाळूत घडलेल्या जनावराला बोईसरच्या जुलैमध्ये उभं केलं तर दुसरं काय होणार?

याच मातीतलं उदाहरण घ्या. डांगी गाय-बैल. जव्हार-मोखाडा, इगतपुरी, अकोले, डांग या मुसळधार पावसाच्या डोंगरपट्ट्यात ही जात घडली. तिच्या कातडीला तेलकटपणा असतो, पाणी टिकत नाही, चिखलाच्या भातखाचरात खुरं टिकतात. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आढळणारी कोकण कपिला ही छोटी, काटक गाय तशीच. दूध कमी देते म्हणून तिला वर्षानुवर्षं गावठी म्हणून हिणवलं, आणि नंतर तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. हवेशी जुळलेलं जनावर हीच खरी ठेव.

शेळ्यांत महाराष्ट्राकडे उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी आणि कोकण कन्याळ या नोंदलेल्या जाती आहेत. उस्मानाबादी ही मुख्यतः काळी, मराठवाड्याच्या कोरड्या भागातली, जुळी देण्यात पुढे आणि काटक म्हणून राज्यभर पसरलेली. कोकण कन्याळ ही सिंधुदुर्गाकडची, दमट हवेला सरावलेली. पालघरसाठी शहाणपणाचा मार्ग असा: मादी इथलीच ठेवावी, जी इथल्या पावसात आणि उन्हाळ्यात टिकून दाखवते. तिच्यावर कोकण कन्याळ किंवा उस्मानाबादीचा, जुळ्यात जन्मलेला, वजनाची नोंद असलेला बोकड वापरावा. पुढच्या पिढीतून जी पाठ पावसाळा न आजारता काढेल, तिलाच राखावं. हळूहळू, दोन-तीन पिढ्यांत, तुमचा स्वतःचा कळप उभा राहतो. घाई केली की पैसे जातात.

फलटणने काय करून दाखवलं

हे काम पुस्तकी नाही. सातारा जिल्ह्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, १९६८ साली बनबिहारी निंबकरांनी सुरू केलेली. त्या कोरड्या मुलखातल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीला एका वेळी बहुधा एकच कोकरू होतं. बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची छोटीशी मेंढी आहे, तिला जुळी-तिळी होतात. संस्थेने त्या मेंढीतला जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणला, पण दख्खनीचा मोठा बांधा आणि काटकपणा राखून. यातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली. याला वर्षं लागली, आणि ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांची साथही लागली.

आपण यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, बाहेरचं जनावर जसंच्या तसं आणून उभं केलं नाही, त्याचा हवा तेवढा गुण घेतला. दोन, प्रयोग संस्थेच्या कुंपणात ठेवला नाही. मेंढपाळांच्या कळपात नेला, तिथे कोकरांच्या नोंदी केल्या. कारण दोन कोकरं झाली पण आईला चारा नसेल तर दोन्ही मरतात. ज्याच्याकडे चारा-पाण्याची सोय आहे त्यालाच जुळ्यांचा फायदा.

त्याच संस्थेत उस्मानाबादी शेळीवरही काम झालं आहे. पद्धत साधी आहे: गावातल्या शेळ्यांना नंबर द्यायचा, करडांची वजनं घ्यायची, जो नर लवकर वाढला आणि जुळ्यात जन्मला त्याला निवडायचा आणि शेळीवाल्यांनाच पैदाशीला द्यायचा. यातला नंबर, वजन आणि निवड हा भाग आपण मोहल्ल्यातही करू शकतो. एक लटकवायचा काटा आणि एक वही, एवढंच भांडवल.

नंबरावरून एक अडचण नेहमी निघते. कानाला बिल्ला मारला तर कुर्बानी चालेल का? याबाबत आपल्या आलिमांना विचारून घ्यावं. मनात शंका असेल तर गळ्यात पट्टा बांधून त्यावर नंबर लिहा. काम तेच होतं.

ईद उन्हाळ्यात, म्हणून तयारी पावसाळ्यात

हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे बकरी ईद दरवर्षी अलीकडे सरकते. २०२८ मध्ये ती मेच्या पहिल्या आठवड्यात, २०२९ मध्ये एप्रिलच्या शेवटी, २०३० मध्ये एप्रिलच्या मध्याला येईल. म्हणजे पुढची बरीच वर्षं बकरा तयार करायचे शेवटचे तीन महिने बरोबर कोरड्या दिवसांत पडणार, जेव्हा चारा नसतो आणि विहिरी तळाला गेलेल्या असतात. ज्या वेळी वजन वाढवायचं त्याच वेळी इथला बकरा वजन गमावतो. बाहेरचा बकरा इथल्याला हरवतो तो बरेचदा इथेच.

यावर उपाय पावसाळ्यात आहे. शेवरी, हादगा, सुबाभूळ, शेवगा यांची झाडं बांधावर लावली तर उन्हाळ्यातही हिरवा पाला मिळतो. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, त्यात जनावराला बाधणारा घटक असतो. भाताचा पेंढा आपल्याकडे ढिगाने असतो, पण नुसत्या पेंढ्यावर बकरा वाढत नाही. त्याला थोडा मका, पेंड, कोंडा आणि मिठाची चाटण लागते. कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला की पेंढा काळा पडतो, बुरशी येते. असा पेंढा जनावरापुढे टाकू नये, गाभण शेळीपुढे तर नाहीच.

पावसाळ्यासाठी बांबूचा माच. जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, फटी ठेवलेला, खाली लेंड्या पडतील असा. वारली आणि कोकणा बांधव बांबूकामात तरबेज आहेत, सिमेंटचा खर्च लागत नाही. शेळी कोरडी राहिली की खुरं सडत नाहीत, न्यूमोनिया कमी होतो, अंगावर जंतही कमी चढतात.

आणि लस. शेळ्यांची बुळकांडी म्हणजे पीपीआर, एकदा कळपात शिरली की करडं पटापट जातात. जगाने हा रोग २०३० पर्यंत संपवायचं ठरवलं आहे आणि सरकारी दवाखान्यात त्याची लस असते. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या तोंडावर हवी, कारण कोवळं गवत हावरटासारखं खाल्लं की तो रोग उठतो. जंताचं औषध पावसाआधी आणि पावसानंतर. हे सगळं मिळून एका शेळीला येणारा खर्च एका मेलेल्या करडाच्या किमतीपुढे काहीच नाही. दहा शेळ्यांना पंधरा करडं झाली आणि त्यातली पाच मेली, तर वर्षाचा नफा त्या पाचांबरोबर खड्ड्यात गेला. कळपसुधार म्हणजे आधी मरतूक थांबवणं.

बाजार, रस्ता आणि कायदा

आता तो विषय, जो घरात बोलला जातो पण शेळीपालनाच्या शिबिरात कोणी काढत नाही. जनावर घेऊन रस्त्यावर निघायची भीती.

२०१५ च्या कायद्याने राज्यात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. शेळी-मेंढीचा त्या कायद्याशी संबंध नाही. तरीही गाडी अडवली जाण्याची धास्ती प्रत्येक व्यापाऱ्याला असते. मे २०२५ च्या शेवटी राज्याच्या गोसेवा आयोगाने बाजार समित्यांना पत्र पाठवलं की ३ ते ८ जून जनावरांचे बाजार भरवू नका. ईद ७ जूनला होती. शेळ्या-मेंढ्यांचे बाजारही त्याच आवारात भरतात, मग त्यांनी काय करायचं, असा सवाल उठला. विरोध झाल्यावर ते पत्र मागे घ्यावं लागलं. त्यानंतर काही आठवड्यांतच राज्यभर कुरेशी समाजाने छळाला कंटाळून जनावरांची खरेदी-विक्री बंद केली. अनेक आठवडी बाजार ओस पडले. तेव्हा बऱ्याच हिंदू शेतकऱ्यांनीही उघड सांगितलं की भाकड जनावर घेणारा गेला तर आमचं कंबरडं मोडतं. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या धंद्यात एकाच्या पोटावर पाय पडला की दुसऱ्याच्या पोटावरही पडतो.

यातून आपल्या जिल्ह्यासाठी निघणारा अर्थ व्यवहाराचा आहे. सहाशे-आठशे किलोमीटरचा रस्ता जितका लांब, तितकी अडचण जास्त. सहा तासांपेक्षा लांबच्या वाहतुकीला शेळ्या-मेंढ्यांसाठीही १९७८ च्या नियमांनुसार पशुवैद्यकाचा दाखला लागतो. गाडीत कोंबून भरणं हा गुन्हा आहे आणि दीनलाही ते मान्य नाही. व्यापाऱ्यांनी कागद पूर्ण ठेवावेत: खरेदीची पावती, दाखला, गाडीची परवानगी. कागद असले की पोलिसांसमोर बोलायला जागा राहते. पण विक्रमगडच्या पाड्यावरून बोईसरला यायचा बकरा दोन तासांत येतो. जवळचा कळप सुधारणं हा निव्वळ शेतीचा प्रश्न नाही, तो आपल्या ईदच्या निर्धास्तपणाचाही प्रश्न आहे.

आणि एक कटू गोष्ट स्वतःलाही सांगू या. पाड्यावर घरात आजारपण निघालं, शाळेची फी आली, की शेळीवाला बकरा पडेल भावात देतो. आपल्यातले काही व्यापारी नजरेने वजन ठरवतात आणि ते नेहमी कमीच ठरतं. मापात कमी देणाऱ्यांना कुरआनात किती कडक ताकीद आहे हे आपण जुमाच्या बयानात ऐकतो. मग काटा लावायला काय हरकत आहे? जिवंत वजनावर भाव ठरला की शेळीवाल्याला वजन वाढवण्यात रस वाटेल. नजरेच्या सौद्यात तो खुराक का घालेल?

सरकारच्या योजना, कामापुरत्या

राष्ट्रीय पशुधन अभियानात शेळी-मेंढी पैदास केंद्राला ५० टक्के भांडवली अनुदान आहे. १०० माद्या आणि ५ नरांच्या युनिटला १० लाखांपर्यंत, ५०० माद्या आणि २५ नरांना ५० लाखांपर्यंत. उरलेला हिस्सा बँकेच्या कर्जातून किंवा स्वतःच्या पैशातून उभा करता येतो. व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहणाऱ्या घरांनी ही दुसरी वाट नीट समजून घ्यावी. राज्याच्या योजनेत १० शेळ्या आणि १ बोकड असा गटही मिळतो, त्यात सर्वसाधारण गटाला ५० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के अनुदान असतं. जुलै २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुपालनाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेळ्या-मेंढ्यांसाठी ५०० ची मर्यादा आहे, आणि वीजदर, घरपट्टीसारख्या गोष्टींत शेतीसारखी सवलत हा त्याचा गाभा आहे.

पण नवख्याने १०० शेळ्यांनी सुरुवात करू नये. अनुदान बघून गोठा बांधला आणि शेळ्या मेल्या, तर राहतो तो रिकामा पत्र्याचा शेड. दहा शेळ्यांनी दोन वर्षं काढा, दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे पाहा, मग वाढवा. डहाणूला कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. आपल्या मुलांनी यूट्यूबच्या आधी तिथे जाऊन बसावं.

या महिन्यात काय करायचं

मोठा ठराव नको. जमातीच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरल्या तरी पुरे. एक, वीस घरांनी मिळून जवळच्या एका पाड्यासाठी एक नोंदीचा बोकड. दोन, मस्जिदीच्या आवारात किंवा कोणाच्या दुकानात ठेवलेला एक काटा, ज्यावर विकणारा आणि घेणारा दोघं समोरासमोर वजन करतील. तीन, एक वही, ज्यात करडाचा जन्म, आई, बाप आणि तीन व सहा महिन्यांचं वजन लिहिलं जाईल. वही लिहायला आपल्याच घरातली शाळेत जाणारी मुलगी पुरेशी आहे.

डिसेंबर संपायला फार दिवस नाहीत. या दिवसांत जी शेळी माजावर येईल तिच्यापाशी कोणता बोकड असेल, त्यावर २०२७ ची ईद ठरेल. किरकोळ बोकड असला तर दीड वर्षाने आपण पुन्हा मनोरच्या रस्त्यावर राजस्थानच्या गाडीची वाट बघू आणि म्हणू, इथली जातच हलकी आहे.